दुसरा हाफ का बसत नव्हता? एका मराठी पटकथेच्या पुनर्लेखनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मराठी चित्रपटाच्या पटकथेचं आहे. चित्रपट अजून उभा राहिलेला नाही, त्यामुळे लेखिका, दिग्दर्शक आणि निर्माते यांची नावं इथं नाहीत आणि पात्रांची नावंही बदलली आहेत. कथा मात्र लेखिकेच्या परवानगीनं आहे तशी सांगतो आहे, कारण ती बाजूला ठेवली तर रचनेबद्दल बोलण्यासारखं काही उरतच नाही. नुसतं ‘पहिला अंक, दुसरा अंक’ असं हवेत बोलून सुधारलेली पटकथा मी तरी पाहिलेली नाही.

कथा मिरजेतली. सतारमेकर गल्लीत तंबोरे बनवणारे रशीदचाचा, वय ६८. मुलगा पुण्यात वाद्यांच्या दुकानात इलेक्ट्रॉनिक तंबोरे विकतो. नात शबाना मिरजेतच कॉमर्सला आहे आणि सुट्टीत पॉलिशच्या कामाला हात लावते. चाचांना हळूहळू ऐकू येईनासं झालं आहे. ज्या कारागिराची सगळी पत जवारी लावण्यावर उभी, त्याला हे कुणाला सांगणार? अशात पुण्याच्या एका ज्येष्ठ गायिकेनं, पटकथेत सगळे त्यांना ‘बाई’ म्हणतात, तंबोऱ्यांची जोडी मागवली आहे. शेवटी ती जोडी वाजते.

जवारी म्हणजे काय हे थोडक्यात सांगायला हवं, कारण पुढचे बरेच निर्णय त्यावर अडले आणि सुटले. तंबोऱ्याच्या तारा ज्या रुंद घोडीवरून जातात, तिचा माथा कानशीनं अगदी अलगद घासतात. तार त्या माथ्याला टेकत-सुटत राहिली की एका स्वरातून वरचे स्वर झंकारायला लागतात. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवून तो झंकार नेमक्या जागी आणायचा. हे मोजपट्टीनं होत नाही, कानानं होतं. आणि घोडी एकदा जास्त घासली गेली की घासलेलं परत येत नाही.

लेखिकेचं आजोळ त्या बाजूचं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, ते महिनोन्‌महिने वाळवावे लागतात, जोडीसाठी सारख्या आकाराचे दोन भोपळे मिळणं किती अवघड, दांडीला तुणीचं लाकूड का लागतं, हे तिला पाठ होतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तिचा पहिला मसुदा जवळजवळ पुरा झाला होता. १३८ पानं.

अडचण

दिग्दर्शकानं काही निर्मात्यांकडे नॅरेशन दिलं, म्हणजे पटकथा बसून ऐकवली. सगळीकडे एकच अनुभव. सुरुवातीला माणसं खुर्चीत पुढे सरकायची, शेवटी एकदोघांचे डोळेही भरून आले, पण मधल्या तासात कुणी मोबाइल उलटा ठेवला नाही. एक निर्माते स्पष्टच म्हणाले, “मॅडम, फर्स्ट हाफ मस्त, शेवट मस्त. सेकंड हाफ बसत नाहीये.”

आपल्याकडे ‘सेकंड हाफ बसत नाही’ हे वाक्य तापासारखं आहे, त्यावरून आजार कळत नाही. मसुदा तपासायला मला बोलावलं गेलं ते या टप्प्यावर. मसुदा वाचल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की दुखणं दुसऱ्या हाफमध्ये नव्हतंच.

पटकथा उघडते ती भीमेकाठच्या भोपळ्याच्या शेतात. नऊ पानांचा सुंदर प्रसंग. मग कारागिरीचे प्रसंग, गल्लीतलं आयुष्य, उरूस, मुलाचं येणं, त्याचं कर्ज, कारखाना विकायचा विषय. चाचांना ऐकू येत नाही हे ६१ व्या पानावर डॉक्टर सांगतात. बाई कथेत येतात ७४ व्या पानावर. मध्यंतर सत्तराव्या पानाच्या आसपास, मुलगा भांडून निघून जातो तिथं. शेवटी शबाना गुपचूप जवारी लावते, बाई गातात आणि चाचा भोपळ्यावर तळवा टेकवून कंप ओळखतात.

म्हणजे अर्धा चित्रपट संपेपर्यंत चाचांना आज काही हवं आहे असं दिसतच नाही. ते तंबोरे बनवतात, पण ते काल बनवत होते आणि परवाही बनवणारच आहेत. मुलगा गेला तरी जोडीचं काही बिघडत नाही, कारण जोडीची मागणी अजून आलेलीच नाही. आणि शबानाला जवारीचा कान आहे हे शेवटच्या दहा पानांपर्यंत कुणालाच ठाऊक नाही, लेखिकेलाही बहुधा नसावं. तिनं हसून ते मान्य केलं.

ॲरिस्टॉटलच्या ‘काव्यशास्त्रा’त एक बारीक वाक्य आहे: गोष्ट एका माणसाची आहे एवढ्यानं ती एकसंध होत नाही, कारण एका माणसाच्या आयुष्यात असंख्य घटना घडतात आणि त्यांचं मिळून एक कृत्य होत नाही. पुढे त्यानं कसोटीही दिली आहे. एखादा भाग काढला किंवा हलवला आणि बाकीच्याला धक्काच लागला नाही, तर तो भाग त्या गोष्टीचा नव्हताच. ही कसोटी आम्ही मसुद्याला लावली. लेखिकेनं सगळ्या प्रसंगांची यादी केली आणि प्रत्येक प्रसंगावर हात ठेवून विचारलं: हा नसता तर पुढचं काय अडलं असतं? पहिल्या साठ पानांतले जवळपास सगळे प्रसंग कोणत्याही क्रमानं लावता येत होते. दुसरा हाफ रेंगाळत होता, कारण पहिल्यानं त्याच्याकडे काही सोपवलंच नव्हतं.

समोर असलेले पर्याय

निर्मात्यांकडून आलेला पर्याय सगळ्यात झटपट होता. एक बिल्डर आणा, त्याला कारखान्याची जागा हवी आहे. शबानाला एक मुलगा द्या. एकानं तर मानांकनाचा सोहळा क्लायमॅक्सला घ्यावा असं सुचवलं, मंत्र्यांच्या हस्ते सत्कार आणि मागे बाईंचं गाणं. यातल्या कशानंही पानं भरली असती. पण बिल्डर आला की गोष्ट जागेची होते, आणि चाचांचे कान शाबूत असते तरी ती तशीच चालली असती. चांगल्या कल्पनेवर दुसरी चांगली कल्पना ठेवली की दोन्ही पातळ होतात, हे इंडस्ट्रीत वारंवार दिसतं.

दुसरा पर्याय दिग्दर्शकाचा. त्यानं पटकथालेखन शिकवणाऱ्या अमेरिकी सिड फील्डच्या १९७९ च्या पुस्तकातला तीन अंकांचा आराखडा छापून भिंतीवर लावला होता: १२० पानं, पहिलं वळण २५ व्या पानाच्या सुमारास, दुसरं ८५ ते ९० च्या दरम्यान. त्यानं मसुदा त्यात बसवूनही पाहिला. डॉक्टरचा प्रसंग २६ व्या पानावर आणला, मुलाचं भांडण मधोमध, कारखान्याचा सौदा ८८ वर. वळणं बरोबर पानांवर आली आणि पटकथा होती तितकीच ढिली राहिली. पानांच्या आकड्याची आणखी एक गंमत अशी की ‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हा हिशेब इंग्रजी पटकथेच्या ठरावीक फॉरमॅटचा आणि टाइपरायटरच्या अक्षराचा आहे. देवनागरीत, वेगळ्या फॉन्टात, लांब वर्णनांसह लिहिलेल्या पानाचं मिनिट किती, हे ज्यानं त्यानं मोठ्यानं वाचून ठरवावं. आराखड्यात खोट नव्हती. वळण म्हणजे काय हे न ठरवता त्याची जागा ठरवली जात होती.

तिसरा पर्याय लेखिकेच्या मनातला होता, आणि मला तो सगळ्यात गंभीर वाटला. आहे तसंच ठेवायचं. एका गल्लीचं, एका कलेचं, एका म्हातारपणाचं चित्र. फेस्टिव्हलला जाईल, थिएटरचं बघू. असे चित्रपट होतात आणि उत्तम होतात. त्यांना धरून ठेवणारं दुसरं काही असतं, एक ऋतू, एक दिवस, एक घर. पण तिच्या कथेत एक गुपित होतं. माणूस काहीतरी लपवतो आहे हे एकदा प्रेक्षकाला कळलं की ते उघडं कधी आणि कुणासमोर पडणार याची वाट तो पाहायलाच लागतो, तुम्ही त्याला किती का सुंदर भोपळे दाखवा. चित्रच ठेवायचं असेल तर गुपित काढावं लागलं असतं. चाचा बहिरे होत आहेत हे पहिल्या पानापासून सगळ्या गल्लीला माहीत, असं. लेखिकेनं त्यावर एक रात्र घेतली आणि सकाळी सांगितलं की गुपित जाणार नाही. खरा निर्णय तिथं झाला. पुढचं सगळं त्यातून आलं.

चौथा पर्याय आम्ही मग एकत्र मांडला. मसुदा बंद करायचा आणि गोष्ट नाट्यशास्त्रातल्या पाच अवस्थांवर, पाच कार्डांवर, पाच वाक्यांत सांगून पाहायची: आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा (मिळेल अशी आशा), नियताप्ति (मिळणार याची खात्री), फलागम (फळ हाती येणं). आपलं ते सगळं आधीच सांगून ठेवलेलं, असल्या अभिमानापोटी ही निवड नव्हती. नाट्यशास्त्रातली चौसष्ट संध्यंगं, म्हणजे कथानकाच्या पाच संधींचे (टप्प्यांचे) बारीक भाग, घेऊन आज कुणी पटकथा लिहू नये, वेड लागेल. निवडीचं कारण व्यावहारिक होतं. या पाच अवस्था घटनांच्या नसून कार्य आरंभणाऱ्या माणसाच्या आहेत. त्याला काय हवं आहे आणि ते मिळण्याची आशा आत्ता किती आहे, एवढंच त्या विचारतात. आणि आमच्या मसुद्यात नेमका हाच प्रश्न कुणी विचारला नव्हता.

पाच कार्डं

पहिल्या कार्डावरच अडलो. चाचांना काय हवं आहे? ‘सन्मान’, ‘कला टिकावी’, ‘मुलानं परत यावं’ अशी उत्तरं येत राहिली. सगळी खरी आणि एकही चित्रित करता येणारं नाही. शेवटी लेखिकेनं लिहिलं: ‘उरुसाच्या आधी बाईंची जोडी स्वतःच्या कानानं पुरी करायची.’

या वाक्यानं बरंच काही एकदम जागेवर आलं. मिरजेत ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या उरुसात संगीत सभा होते. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांचं दफन त्याच दर्ग्याच्या आवारात आहे आणि गवई तिथं हजेरी लावायला येतात. बाईंचं शेवटचं जाहीर गाणं तिथं ठरलं की गोष्टीला तारीख मिळाली. पण तारीख मिळाल्याबरोबर कारागिरीनं अडवलं: ताजा भोपळा इतक्या दिवसांत वाळणारच नाही. मग भोपळे आधीपासून घरात हवेत. त्यातून माळ्यावरची जोडी सुचली. चाचांनी कधीतरी जुळे सापडलेले दोन भोपळे कुणालाच न विकता ठेवून दिले आहेत. बाईंचा निरोप येतो आणि ते शबानाला माळ्यावर चढवतात. आता हे १४ व्या पानावर घडतं. शास्त्रात ज्याला बीज म्हणतात ते इथं अक्षरशः दोन वाळके भोपळे आहेत.

‘स्वतःच्या कानानं’ हे दोन शब्द वाक्यात राहू द्यायचे की नाहीत यावर वाद झाला. दिग्दर्शकाचं म्हणणं, जोडी पुरी करणं एवढं ध्येय पुरे. लेखिका हटली नाही, आणि तिचं बरोबर होतं. नुसती जोडी पुरी करायची असती तर शेजारच्या कारागिराकडून जवारी लावून घेता आली असती आणि चित्रपट विसाव्या मिनिटाला संपला असता.

उसना कान

दुसरं कार्ड, प्रयत्न. ऐकू न येणारा माणूस जवारी कशी लावेल? आणि घरातल्यांना, गिऱ्हाइकांना इतके दिवस कळलं कसं नाही? पहिल्या मसुद्यात याचं उत्तर नव्हतं, डॉक्टरनं नुसतं ‘बहिरेपण’ म्हटलं होतं.

लेखिका एका श्रवणतज्ज्ञाशी बोलून आली आणि पटकथेला सगळ्यात मोठी मदत तिथून मिळाली. वयानं येणाऱ्या बहिरेपणात साधारणपणे वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. समोरासमोरचं बोलणं बराच काळ निभावून नेता येतं. जवारीचा झंकार असतो तो नेमका वरच्या स्वरांचा. म्हणजे चाचा बायकोशी, गिऱ्हाइकाशी, मुअज्जिनाशी सहज बोलू शकतात, त्यांना तार छेडल्याचा मूळ स्वरही ऐकू येतो, फक्त जवारी ऐकू येत नाही. नेमकं तेच गेलं आहे ज्यावर ते जगले. हे कोणी रचलं असतं तर अति वाटलं असतं.

प्रेक्षक विचारणार तो दुसरा प्रश्नही यातच सुटला. मशीन का वापरत नाहीत? मुलगा पुण्याहून सूर दाखवणारं यंत्र आणतो. काटा हलतो, दिवा लागतो. पण त्यावर सूर दिसतो, जवारी दिसत नाही. कानाला लावायचं यंत्रही बहुतेक बोलणं स्पष्ट व्हावं म्हणून जुळवलेलं असतं. चाचा ते एकदा लावून पाहतात आणि तंबोरा पत्र्याच्या डब्यासारखा ऐकू येतो म्हणून काढून ठेवतात. दोन छोटे प्रसंग, दोन्ही दारं बंद.

मग उरतं काय? शबानाचा कान. चाचा तिला म्हणतात, “बस इथं. शिकवतो.” ते घासतात, दोरा सरकवतात, तार छेडतात आणि विचारतात, “कसं वाटतंय? नीट सांग, कुठं बंद होतंय?” शबानाला वाटतं आपली परीक्षा चालली आहे. आपण पाहतो की परीक्षा त्यांची चालली आहे. लपवण्यासाठी केलेल्या या सोंगातून ती खरोखर शिकत जाते.

पूर्ण पुनर्लेखनातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा बदल हाच. पहिल्या मसुद्यातला शेवट मुळातून बदलावा लागला नाही. शबाना जवारी लावते ते आताही आहे, पण आधी तो योगायोग होता आणि आता तो चाचांच्याच खोटेपणाचा परिणाम आहे. ॲरिस्टॉटल म्हणतो त्याप्रमाणे एका घटनेनंतर दुसरी घडणं आणि एकीमुळे दुसरी घडणं यांत फार अंतर आहे.

मध्यंतर

परदेशी पुस्तकांत मध्यंतर नसतं. आपल्या लेखकांना ते वगळून चालत नाही. प्रेक्षक वडा खाताना काय बोलणार हे ठरवणं ही पटकथेचीच जबाबदारी आहे. मध्यंतराला नुसता धक्का पुरत नाही. तिथून पुढे गोष्टीचा प्रश्न बदलला पाहिजे, नाहीतर लोक परत येतात ते त्याच प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग ऐकायला.

तिसरं कार्ड, प्राप्त्याशा, इथं आलं. गर्भसंधीचं, म्हणजे कथानकाच्या तिसऱ्या टप्प्याचं, शास्त्रातलं वर्णन उपयोगी पडलं: बीज गवसतं, हातचं जातं आणि पुन्हा शोधावं लागतं. पहिला तंबोरा पुरा होतो. बाईंची शिष्या येऊन ऐकून जाते, खूश होते. चाचा कधी नव्हे ते मिठाई आणतात. त्या संध्याकाळी शबाना एकटीच तंबोरा घेऊन बसते, आणि काहीतरी खटकून दोरे काढते. जवारी बंद, आवाज भोंगळ. चाचा आत येतात, ती तारा छेडते, ते मान डोलावतात. “वाह.”

मध्यंतर.

आधीचा प्रश्न होता, चाचांचं लपेल का? आता प्रश्न झाला, शबाना या माहितीचं काय करील? त्यांना ठाऊक नाही की तिला ठाऊक आहे. हा प्रसंग ५७ व्या पानावर आला. आकडा ठरवून आला नव्हता, पण भिंतीवरच्या आराखड्याच्या मधोमध बसला म्हणून दिग्दर्शक दिवसभर खूश होता.

यासाठी डॉक्टरचा प्रसंग काढावा लागला. प्रेक्षकाला बहिरेपण आता पहिल्या वीस मिनिटांतच, चाचांबरोबर, कुणी न सांगता कळतं: कुकरची शिट्टी वाजते आहे आणि ते दाराशी बसून वर्तमानपत्र वाचत आहेत.

अडथळा कुठून यावा

चौथ्या कार्डावर, नियताप्तीवर, सगळ्यात जास्त भांडणं झाली. दिग्दर्शकाला मुलाचा सौदा इथं हवा होता. मुलगा कारखाना विकतो, सामान बाहेर, उरूस चार दिवसांवर. दिसायला मोठं, वाजायला मोठं.

लेखिकेनं ‘शाकुंतला’चं उदाहरण काढलं. ‘साहित्यदर्पण’ या संस्कृत ग्रंथाच्या कर्त्यानं विमर्श संधी, म्हणजे कथानकाचा चौथा टप्पा, सांगताना शाप वगैरेंनी येणारं विघ्न असं म्हटलं आहे आणि दाखला शाकुंतलाचाच दिला आहे. वरवर पाहता दुर्वासाचा शाप बाहेरून येतो. पण तो येतो का? दुष्यंताच्या विचारात हरवलेली शकुंतला दारात आलेल्या पाहुण्याची हाक ऐकत नाही म्हणून. ज्या प्रेमामुळे गोष्ट सुरू झाली त्याच प्रेमानं संकट ओढवलं. सौद्याचं तसं नव्हतं. मुलाच्या कर्जाचा जवारीशी काडीचा संबंध नव्हता.

म्हणून अडथळा चाचांच्या हट्टातून काढला. शबाना आता मुद्दाम, त्यांना न दुखावता, दुसऱ्या तंबोऱ्याची जवारी त्यांच्या मागे नीट करत राहते. ते त्यांच्या लक्षात येतं. नातीनं आपल्याला सांभाळून घ्यावं हे त्यांना सहन होत नाही. त्या रात्री ते एकटे बसून दोन्ही घोड्या ‘स्वतःच्या कानानं’ घासतात. सकाळी दोन्ही मेलेल्या. पहिल्या कार्डावरचे दोन शब्द इथं फिटले.

मुलाची बाजू २२ पानांवरून सहावर आली. कर्ज गेलं, सौदा गेला. उरला तो यंत्र घेऊन येणारा मुलगा, ज्याला वडिलांचं गुपित सगळ्यांच्या आधी कळलं होतं आणि म्हणूनच त्यानं गल्ली सोडली. नटाला याचं वाईट वाटेल, पण भूमिका आता आधीपेक्षा वजनदार आहे.

पाचव्या कार्डाला शास्त्र तंतोतंत लागू पडलं नाही. फलागमात नायकाला त्याचं फळ पुरं मिळतं असं धरलेलं आहे. चाचांना ते मिळत नाही. सभेच्या आदल्या दिवशी, बाईंच्या देखत, ते कानस शबानाच्या हातात देतात आणि म्हणतात, “मला ऐकू येत नाही.” जोडी पुरी होते, त्यांच्या कानानं नाही. इथं आम्ही शास्त्राला गोष्टीवर चढू दिलं नाही.

भोपळ्यांचं शेत

भीमेकाठची नऊ पानं काढायची की ठेवायची हा प्रश्न शेवटपर्यंत लोंबकळला. कसोटी लावली तर ती जाणारच होती. माळ्यावरच्या भोपळ्यांनी तिचं काम एका मिनिटात केलं होतं. पण लेखिकेच्या लेखी पटकथा तिथूनच जन्मली होती, आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला आठवत होतं ते शेत. मधला मार्ग म्हणून ते फ्लॅशबॅकमध्ये घालून पाहिलं, तिथं ते आणखीच उपरं वाटलं. अखेर पूर्ण काढलं. लेखिकेनं कापलं, पण पटलं म्हणून नव्हे, दमली म्हणून. माझं मत तेव्हाही काढण्याच्या बाजूनं होतं आणि आजही आहे, तरी तिचा आक्षेप नोंदवतो: नव्या मसुद्यात मिरज आहे, पण मिरजेला जे पोसतं ते आसपासचं रान नाही.

निष्पत्ती

नवा मसुदा ११२ पानांचा झाला. नाटकातल्या ओळखीच्या नटांना बोलावून त्याचं वाचन केलं. मध्यंतराच्या ओळीनंतर चहाच्या आधीच लोक शबानानं काय करावं यावर वाद घालायला लागले, आणि ते पात्र वाचणारी मुलगी आपल्या मताला चिकटून बसली. दुसऱ्या हाफमध्ये एक जागा अजून सैल निघाली, घोड्या बिघडल्यानंतरची सकाळ. तिथं तीन प्रसंग एकच गोष्ट सांगत होते, त्यांचा एक केला.

आधीच्या निर्मात्यांपैकी बिल्डर सुचवणाऱ्यांनी पुन्हा ऐकून नकार दिला. त्यांना ‘व्हिलन’ हवाच होता. दुसऱ्या एका निर्मितीसंस्थेनं करार केला, सही करताना मानधनाचा पहिला हप्ताही दिला. चित्रीकरण लागलेलं नाही. पहिला मसुदा वाचलेल्या दोन मित्रांना अजूनही तोच जास्त आवडतो, आणि त्यांचं म्हणणं निव्वळ आठवणीपोटी आहे असं मला वाटत नाही. त्यात काही प्रसंग कशासाठीही नव्हते, आणि त्यातला मोकळेपणा गेला आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पाच वाक्यांची कार्डं १३८ पानांच्या आधी लिहिली असती तर मेहनत वाचली असती हे खरं, पण मी लेखिकेला तसं सुचवलं नसतं. ती पानं लिहिताना तिला दोरा, कानस, माळा, गल्ली यांची माहिती झाली, आणि मध्यंतराचा प्रसंग त्या माहितीतून आला. जिला जगच माहीत नाही तिनं कार्डं लिहिली तर त्यावर बिल्डरच उगवतो. मात्र पहिला मसुदा पुरा झाल्यावर तो थेट निर्मात्यांकडे नेण्याऐवजी आधी कार्डांवर उतरवायला हवा होता. एकदा नकार दिलेला निर्माता तीच कथा नव्यानं ऐकत नाही, जुन्याशी ताडून पाहतो.

श्रवणतज्ज्ञाकडे जाणंही फार उशिरा झालं. ज्या पटकथेचा कणा एका शारीरिक स्थितीवर उभा आहे तिच्या बाबतीत ते पहिलं काम असायला हवं. त्या एका भेटीनं जे प्रश्न सुटले त्यांवर दिग्दर्शक आणि लेखिका कितीतरी बैठका भांडले होते.

भिंतीवरचा आराखडा काढून टाकायची गरज नव्हती. कार्डं पक्की झाल्यावर तोच लांबी तपासायला कामी आला: नव्या मसुद्यात बाईंचा निरोप आधी २३ व्या पानावर होता, आराखड्याकडे बघूनच तो १४ व्या पानावर अलीकडे ओढला.

एक प्रश्न अजून तसाच आहे. बाई. पाचही कार्डांवर त्या आहेत, पण प्रत्येक वेळी चाचांना काही मिळावं किंवा अडावं एवढ्यासाठीच. शेवटचं गाणं गाणाऱ्या बाईला त्या जोडीकडून स्वतःसाठी काय हवं आहे, हे पटकथेत कुठंच नाही. कराराप्रमाणे आणखी एक मसुदा द्यायचा आहे, आणि लेखिकेनं त्यासाठी सहावं कार्ड बाईंच्या नावानं काढलं आहे. त्यावर अजून एकही वाक्य लिहिलेलं नाही.